सेनासनपञ्ञापक : निवारा-वाटपाची बौद्ध परंपरा

‘विहार’ हा शब्द उच्चारला की आज महाराष्ट्रातील बौद्धांच्या मनात बुद्धमूर्ती, त्रिशरण-पंचशील, वंदना आणि प्रवचन यांचे चित्र उभे राहते. पालि वाङ्मयात मात्र या शब्दाचा पहिला अर्थ राहण्याची जागा असा आहे. विनयपिटकात विहार म्हणजे ज्याच्याखाली ऊन, पाऊस, थंडी आणि हिंस्र श्वापदे यांपासून माणसाचे रक्षण होते असा निवारा. पूजेचे स्थान हा अर्थ त्याला पुढे चिकटला. अर्थाचा हा प्रवास ध्यानात घेतला, तर बेघर माणसाला आसरा मिळवून देणे हे कार्य बौद्ध परंपरेच्या अगदी प्रारंभापासून तिच्या व्यवस्थेचा भाग होते, असे दिसून येईल.

येथे एक आक्षेप संभवतो. बौद्ध भिक्खू हा स्वतःच अनगारिक, म्हणजे घर सोडून निघालेला. ज्या धम्माने गृहत्यागाचा गौरव केला, त्याने घराच्या प्रश्नाचा विचार कशासाठी करावा? परंतु गृहत्याग आणि गृहहीनता यांत महदंतर आहे. एक स्वीकारलेला आहे, दुसरी लादलेली आहे. आणि ज्यांनी घर स्वेच्छेने सोडले त्यांनाही पाठ टेकण्यास जागा लागतेच, हे तथागतांनी प्रथमपासून ओळखले होते. घर सोडलेल्यांच्या या संघाने निवाऱ्याविषयी जे नियम केले, ते आजच्या बेघरांच्या प्रश्नाचा विचार करतानाही उपयोगी पडणारे आहेत. प्रस्तुत लेखात त्या नियमांचा, आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या पुढील इतिहासाचा परामर्श घ्यावयाचा आहे.

वृक्षतळापासून विहारापर्यंत

चुल्लवग्गातील ‘सेनासनक्खंधक’ हे प्रकरण संपूर्णपणे निवासाला वाहिलेले आहे. शयन आणि आसन या दोन शब्दांच्या संयोगातून ‘सेनासन’ हा शब्द बनला. प्रकरणाचा आरंभ राजगृहात होतो. भगवान वेळुवनात राहत होते आणि भिक्खूंसाठी निवासाची कोणतीही अनुज्ञा अद्याप दिली गेली नव्हती. ते अरण्यात, झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, उघड्यावर किंवा गवताच्या गंजीत रात्र काढीत. पहाटे अशा ठिकाणांहून शांतपणे येणारे भिक्खू राजगृहाच्या श्रेष्ठीने पाहिले, आणि मी विहार बांधून दिले तर आपण त्यांत राहाल काय, असे त्यांना विचारले. भगवंतांनी पाच प्रकारच्या निवासांना अनुमती दिली : विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा. श्रेष्ठीने साठ विहार उभारले, असे ग्रंथ सांगतो.

हे विहार द्यावयाचे कोणाला, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. भगवंतांनी ते आलेल्या आणि पुढे येणाऱ्या, चारही दिशांच्या संघाच्या नावे करावयास सांगितले. दाता कोणा एका आवडत्या भिक्खूला निवारा देत नाही. ज्याला त्याने कधी पाहिलेले नाही, जो अजून आलेलाही नाही, त्याचाही त्या छपरावर तितकाच हक्क असतो. ‘चातुद्दिस संघ’ ही संकल्पना दानाची कायदेशीर चौकट होती. श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाने जेतवन दिले तेही याच चौकटीत. याच प्रकरणात पुढे असाही नियम येतो की आराम, विहार, त्यांच्या जागा, मंचक, पीठ इत्यादी वस्तू कोणाही व्यक्तीने, गटाने किंवा खुद्द संघानेही कोणाला देऊन टाकू नयेत वा वाटून घेऊ नयेत. सामायिक निवारा खाजगी मालमत्तेत रूपांतरित होण्याचा धोका त्या काळीही ओळखलेला होता.

जागा कोणाची : एक जुना वाद

इमारती उभ्या राहिल्या, पण प्रश्न सुटला नाही. तो नव्या रूपात पुढे आला. जागा मर्यादित आणि येणारे अनेक. सेनासनक्खंधकाचा मोठा भाग या वाटपाच्या भांडणांनी व्यापला आहे. विनयकारांनी ती भांडणे झाकून ठेवली नाहीत, हा त्यांचा प्रामाणिकपणा होय.

एका प्रवासात ‘छब्बग्गिय’ भिक्खूंचे शिष्य संघाच्या पुढे धावत गेले आणि आपल्या उपाध्यायांसाठी, आचार्यांसाठी व स्वतःसाठी सगळे निवास अडवून बसले. मागाहून पोहोचलेल्या सारिपुत्तांना जागाच उरली नाही. धम्मसेनापती म्हणून ज्यांचा गौरव होतो त्यांनी ती रात्र एका झाडाखाली बसून काढली. पहाटे भगवंतांना हे कळले तेव्हा त्यांनी संघ एकत्र केला आणि विचारले, उत्तम आसनाचा, उत्तम पाण्याचा, उत्तम अन्नाचा अधिकारी कोण? भिक्खूंनी दिलेली उत्तरे बोलकी आहेत. काहींनी सांगितले, क्षत्रिय कुलातून प्रव्रजित झालेला. काहींनी सांगितले, ब्राह्मण कुलातून. काहींनी सांगितले, गृहपती कुलातून. म्हणजे चीवर धारण केल्यानंतरही जागेचा प्रश्न येताच मनातील कुल जागे झाले. भगवंतांनी तित्तिर, वानर आणि हत्ती यांची वटवृक्षाखालील कथा सांगितली आणि ज्येष्ठत्व हा निकष घालून दिला. जो संघात आधी आला त्याचा मान आधी. जन्म हा निकष वाटपातून त्यांनी पूर्णतः बाद केला.

परंतु ज्येष्ठत्वाचाही दुरुपयोग होऊ शकतो, म्हणून त्याला मर्यादा घातल्या गेल्या. आजारी भिक्खूला जागेवरून उठवू नये, त्याला योग्य अशी शय्या द्यावी. मात्र किरकोळ दुखण्याचे निमित्त करून कोणी जागा अडवूनही ठेवू नये. उपनंद नावाच्या भिक्खूने श्रावस्तीत एक निवास घेतला आणि गावातील आवासात दुसराही धरून ठेवला, तेव्हा एकाने दोन जागा अडवू नयेत असा नियम झाला. सतरा भिक्खूंनी वर्षावासासाठी एक मोठा पडका विहार खपून दुरुस्त केला. तो तयार होताच छब्बग्गियांनी त्यांना बळाने बाहेर काढले. त्यावरून रागाने कोणाला संघाच्या विहारातून हाकलणे हा पाचित्तिय दोष ठरला. डागडुजी करणाराच बेघर व्हावा, हा अनुभव दलदल बुजवून वस्ती उभारणाऱ्या आणि नंतर तेथून उठवल्या जाणाऱ्या शहरी श्रमिकाला आजही अपरिचित नाही.

वाटप करणारा अधिकारी

या सर्व वादांतून एक पद निर्माण झाले. येणाऱ्यांना निवास नेमून देणारा तो ‘सेनासनपञ्ञापक’, आणि वर्षावासासाठी निवासांचे वाटप करणारा तो ‘सेनासनग्गाहापक’. या पदासाठी पाच गुण सांगितले आहेत. तो आवडीमुळे वाकडे चालणारा नसावा, द्वेषामुळे नसावा, मोहामुळे नसावा, भयामुळे नसावा. आणि कोणती जागा दिली गेली आहे व कोणती नाही, याची त्याला माहिती असावी. पहिले चार गुण चारित्र्याचे आहेत, पाचवा नोंदवहीचा. केवळ सज्जन माणूस या कामास पुरत नाही, त्याच्याजवळ अचूक यादी हवी, हे विनयाने स्पष्टपणे जाणले. नेमणूकही कोणा वरिष्ठाच्या मर्जीने होत नसे. संघासमोर प्रस्ताव मांडून संघाच्या संमतीने ती होई.

वाटपाची रीतही दिली आहे. प्रथम भिक्खू मोजावेत. मग शय्या मोजाव्यात. मग शय्यांच्या हिशोबाने वाटप करावे. शय्या उरत असतील तर विहारांच्या हिशोबाने, तरीही उरत असतील तर परिवेणांच्या हिशोबाने, आणि त्यानंतरही उरल्यास जादा वाटा द्यावा. माणसे आधी, जागा नंतर, हा क्रम येथे निर्णायक आहे.

या पदावरील आदर्श व्यक्ती म्हणून दब्ब मल्लपुत्त यांचे नाव येते. त्यांनी स्वतःहून हे काम मागून घेतले. ते सारख्या आवडीच्या भिक्खूंना एकत्र निवास देत : सुत्त पाठ करणाऱ्यांना एका ठिकाणी, विनयधरांना दुसऱ्या, ध्यान करणाऱ्यांना तिसऱ्या; गप्पांत रमणाऱ्यांनाही त्यांच्यासारख्यांबरोबर, म्हणजे इतरांना त्रास नको. रात्री उशिरा कोणी आले तर ते स्वतः पुढे होऊन वाट दाखवीत. ग्रंथकार म्हणतात की त्यांच्या ऋद्धीने प्रकाश पडे. तो भाग श्रद्धेचा मानला तरी पुढचा तपशील निव्वळ व्यवहाराचा आहे. हा मंचक, हे पीठ, ही उशी, हे शौचस्थान, हे पिण्याचे पाणी, हे वापरायचे पाणी, संघाने ठरवलेली आत येण्याची वेळ ही आणि बाहेर जाण्याची ही, असे ते नवागताला एकेक दाखवीत. परक्या जागी रात्री पोहोचलेल्या माणसाला नेमके हेच हवे असते.

अशा निःपक्षपाती माणसालाही आरोपाला तोंड द्यावे लागले. मेत्तिय-भुम्मजक भिक्खूंच्या वाट्याला हलका निवास आणि हलके भोजन आले. त्याचा सूड म्हणून त्यांनी एका भिक्खुणीकरवी दब्ब यांच्यावर चारित्र्यहननाचा खोटा आळ घेतला. चौकशी झाली, आळ खोटा ठरला आणि संघाने त्यांना ‘सतिविनय’ देऊन निर्दोष ठरवले. वाटप करणाऱ्यावर दडपण येते, आणि त्याला संस्थेचे संरक्षण लागते, हा या कथेचा धडा होय.

लेण्यांतील पुरावा

हे सारे केवळ ग्रंथात राहिले नाही, याची साक्ष आपल्या सह्याद्रीतील लेणी देतात. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने लेणे चातुद्दिस भिक्खुसंघाला दिले आणि त्याबरोबर ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे गुंतवली गेली : २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने आणि १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत करावयाचे नव्हते, केवळ व्याज खर्चायचे होते. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंपैकी प्रत्येकाला चीवरासाठी १२ कार्षापण मिळावेत, अशी योजना होती. हिशोब करून पाहावा. २,००० वर दरमहा २०, वर्षाला २४०. वीस जणांत वाटले तर प्रत्येकी बरोबर १२. निवारा उभारणे हे अर्धे काम आहे आणि तो चालू ठेवण्याचा खर्च हे उरलेले अर्धे, हे दात्याला पक्के ठाऊक होते. याच उषवदाताने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचाही उल्लेख त्याच्या लेखात येतो.

अन्यत्रही असे दाखले मिळतात. नागार्जुनाच्या ‘रत्नावली’त राजाला विश्रामगृहे बांधण्याचा व अनाथ, रुग्ण, दीन यांची काळजी घेण्याचा उपदेश आहे. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन त्संगने टक्क देशात पूर्वी गरीब व निराधार यांच्यासाठी पुष्कळ पुण्यशाळा होत्या, असे नोंदवले आहे.

छप्पर होते, जागा नव्हती

पुढील शतकांत भारतातून संघ क्षीण झाला. धर्मशाळा आणि सराया राहिल्या. पण चारही दिशांतून येणाऱ्याला कुल न विचारता जागा देण्याची शिस्त राहिली नाही. धर्मशाळेच्या दारात जात विचारली जाऊ लागली. या परिस्थितीचा दाहक अनुभव १९१७ साली परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना बडोद्यात आला. परदेशी उच्च शिक्षण घेऊन ते संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यासाठी तेथे गेले. हिंदू खानावळीत प्रवेश अशक्य म्हणून त्यांनी एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून दिवसाला दीड रुपया भाड्याने आसरा घेतला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेला. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे त्यांनी विचारणा केली. दोघांकडूनही आश्रय मिळाला नाही. अखेर कामाठी बागेत बसून वेळ काढून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हा वृत्तान्त त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नमूद केला आहे.

बडोद्यात घरांची टंचाई होती म्हणून हा प्रसंग ओढवला नाही. शहरात छपरे होती, भाडे देण्याची ऐपत होती, नोकरी होती. वाटप करणाऱ्या मनात मात्र चारही अगती भरल्या होत्या : जातीची आवड, जातीचा द्वेष, रूढीचा मोह आणि समाजाचे भय. झाडाखाली बसलेले सारिपुत्त आणि बागेत बसलेले बाबासाहेब यांच्यात सुमारे अडीच हजार वर्षांचे अंतर आहे. पहिल्या प्रसंगी दुसऱ्याच सकाळी संघ बोलावला गेला आणि नियम झाला. दुसऱ्या प्रसंगी नियम करणारे कोणी नव्हते. तो नियम त्या बेघर झालेल्या माणसालाच पुढे राज्यघटनेत लिहावा लागला.

बाबासाहेबांच्या सामाजिक कार्याचा आरंभ वसतिगृहांशी निगडित आहे, याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाला चालना दिली होती. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडले. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या अस्पृश्य मुलाला कोणी खोली देत नसे. शाळेचे दार उघडूनही त्याला शिक्षण मिळू शकत नव्हते, कारण रात्री पाठ टेकायची कोठे हा प्रश्न सुटलेला नव्हता. वसतिगृह हे शिक्षणसंस्थेचे उपांग म्हणून गणले जाते. वस्तुतः ते त्या पिढीचे गृहनिर्माण होते. परळच्या चाळीत संसार केलेल्या बाबासाहेबांनी दादरला बांधलेल्या आपल्या घराला ‘राजगृह’ हे नाव दिले. पहिले साठ विहार ज्या नगरीत उभे राहिले तिचेच ते नाव आहे.

माणसे आधी मोजावीत

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्न शहरांच्या पदपथांवर आला. जुलै १९८१ मध्ये ऐन पावसाळ्यात मुंबईतील पदपथवासीयांच्या झोपड्या हटवण्याची मोहीम सुरू झाली. त्यातून ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश य. वि. चंद्रचूड यांच्या घटनापीठाने निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व त्याने मान्य केले. त्याचबरोबर रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवण्याचा पालिकेचा अधिकारही मान्य केला, आणि पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, कारवाई थांबवली. वर्षावासाच्या काळात कोणाला उठवू नये या प्राचीन जाणिवेचा हा एक दूरचा प्रतिध्वनी मानता येईल.

त्याच सुमारास भायखळ्यात जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथावरील स्त्रियांना बरोबर घेऊन १९८५ मध्ये पदपथवासीयांची गणना केली. सहा हजारांहून अधिक कुटुंबांची नोंद झाली. पालिकेच्या दृष्टीने ही माणसे अतिक्रमण होती. गणनेत ती प्रथमच कुटुंबे झाली. पुढे ‘महिला मिलन’ या नावाने या स्त्रियांनी बचतगट चालवले, घराचे नकाशे स्वतः मांडले, रेशनकार्डासाठी खेटे घातले. त्यांतील काही कुटुंबे कालांतराने मानखुर्द येथे पक्क्या घरांत गेली. भिक्खू मोजावेत, मग शय्या मोजाव्यात, हा विनयाचा क्रम त्यांनी कोणताही ग्रंथ न वाचता अवलंबला.

शासनव्यवस्थेनेही काही पावले टाकली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक बारमाही, चोवीस तास चालणारे निवारागृह असावे असा आदेश दिला, आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. ज्याला घरच नाही त्याच्या दारावर गणक जाऊ शकत नाही, हे लक्षात घेता ही संख्या वास्तवापेक्षा कमीच असणार.

पैसे असूनही जागा न मिळण्याचा बडोद्याचा प्रश्नही संपलेला नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. घर शोधणाऱ्याचे आडनाव दलित किंवा मुस्लिम आहे हे कळताच नकार आणि जाचक अटी वाढतात, असे त्यात आढळले. सारिपुत्तांच्या वेळी भिक्खूंनी दिलेले उत्तर आजचा घरमालक दूरध्वनीवरून देतो.

विहारांपुढील कार्य

या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की निवाऱ्याचा प्रश्न जितका विटांचा आहे तितकाच वाटपाचा आहे. जागा कोणाच्या नावाने दिली जाते, तिचा हिशोब कोण ठेवतो, वाटणाऱ्याची नेमणूक कोण करतो आणि त्याच्यावर दडपण आल्यास त्याच्या पाठीशी कोण उभे राहतो, या प्रश्नांची उत्तरे विनयाने दिली होती. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रात वस्तीवस्तीत विहार उभे राहिले. समाजाने पोटाला चिमटा घेऊन वर्गणीतून ते बांधले. त्या छपरांखाली वंदना होते, अभ्यासवर्ग होतात, हे योग्यच आहे. पण विहार या शब्दाचा पहिला अर्थ तेथे क्वचितच जिवंत आहे.

त्यासाठी प्रत्येक विहाराने धर्मशाळा चालवावी, असे कोणी म्हणणार नाही. आरंभ साधा असू शकतो. विहार समितीने आपल्यातील एका व्यक्तीची संमतीने नेमणूक करावी. परिसरात भाड्याने मिळू शकणाऱ्या खोल्या, शासकीय व खाजगी वसतिगृहे, पालिकेची निवारागृहे, त्यांच्या अटी आणि रिकाम्या जागा यांची वही तिने ठेवावी. नवऱ्याने घराबाहेर काढलेली स्त्री, परगावाहून आलेला विद्यार्थी, रुग्णालयाबाहेर दिवस काढणारे नातेवाईक, वस्ती उठल्याने उघड्यावर आलेले कुटुंब यांपैकी कोणी आले तर जात व धर्म न विचारता त्याच्याबरोबर जावे. अनामत रकमेसाठी समितीने लहानशी कायम ठेव उभारावी आणि तिचे मुद्दल मोडू नये. गोवर्धनच्या विणकरांकडील ठेवीचा नमुना आपल्याच भूमीत कोरलेला आहे. ओळखपत्र आणि शिधापत्रिका यांच्या अर्जासाठी समितीने साहाय्य करावे, कारण पत्ता नसलेल्याला कागद मिळत नाही आणि कागद नसलेल्याला पत्ता मिळत नाही.

आपल्याकडे धम्मप्रचारक, बौद्धाचार्य, श्रामणेर शिबिरांचे संयोजक अशी पदे आहेत. सेनासनपञ्ञापक हे पदही धम्माचेच आहे, आणि ते फार काळ रिकामे राहिले आहे. एखाद्या विहाराने ते भरले, तर रात्री उशिरा तेथे पोहोचलेल्या परक्या माणसाला मंचक कोठे आणि पिण्याचे पाणी कोठे हे सांगणारा कोणीतरी भेटेल. दब्ब मल्लपुत्तांनी वेळुवनात केले ते इतकेच होते.